उपटू नकोस गं ती झुकिनी!

अगं ए, थांब! ते खुरपं खाली ठेव आधी. उपटतेयस कशाला? चांगली हिरवीगार तर आहे. काय म्हणालीस? नुसती फुलं येतात आणि गळून जातात? मग, गळणारच ती! नर फुलं आहेत सगळी. सरक जरा, मला कुंपणावरून नीट दिसू दे. हे बघ, लांब सडपातळ देठावर उभं आहे ना, ते नर. मादी फूल आखूड देठाचं, आणि त्याच्या पाठीशी बोटभर झुकिनी आधीपासूनच लागलेली असते. सुरुवातीचे काही दिवस नुसते पुरुषच येऊन बसतात, आपल्या मंडळाच्या मीटिंगसारखे. बायका मागाहून येतात, आणि त्या आल्यावरच काहीतरी घडतं.

अमेरिकेत, एडिसनला पहिलाच उन्हाळा ना तुझा? कोथरूडच्या गॅलरीत तुळस नि कढीपत्ता लावणं वेगळं आणि इथलं वेगळं. इथे मे महिना अर्धा सरेपर्यंत थंडी कधी उलटून येईल त्याचा भरवसा नसतो. माती गार असली की झुकिनीचं बी जागच्या जागी कुजतं. पण एकदा का माती तापली की आठवड्याभरात उगवतं, आणि पेरल्यापासून ५०-५५ दिवसांत फळ हातात. तुझं वेळेवर चाललंय सगळं. थोडी कळ काढ, मग तूच येऊन विचारशील, आता थांबवायचं कसं ते सांग म्हणून.

छे छे, पानांवरचे ते पांढरट पट्टे म्हणजे रोग नव्हे. शिरांच्या कडेकडेने चंदेरी ठिपके असतातच तिच्या पानांवर. बोटाने पूस बरं. निघालं? नाही ना, मग ते तिचं अंगचंच. बोटाला पीठ लागलं असतं तर भुरी म्हटलं असतं. ती ऑगस्टमध्ये येईलच, ती काही कोणाला चुकलेली नाही. तेव्हा नऊ वाट्या पाण्यात एक वाटी दूध घालायचं आणि पानांवर फवारायचं. हसतेस काय? ब्राझीलमधल्या एका शास्त्रज्ञाने झुकिनीच्याच भुरीवर गाईच्या दुधाचा प्रयोग केला आणि १९९९ साली रीतसर छापला. मी हे आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, नागपंचमीला नागोबाला, रोज सकाळी मांजराला, आता भोपळ्यालाही दूध. मला तेवढा चहा बिनदुधाचा देत जा.

आणि फुलं गळतात म्हणून रडायचं काय त्यात? ती तर खायची असतात! झाडावर तीन-चार नर फुलं ठेव, बाकीची खुशाल खुड. मात्र सकाळी लवकर उठावं लागेल. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. मादी फूल आलं आणि मधमाश्या दिसल्या नाहीत, तर नर फुलाच्या पाकळ्या काढून टाक, मधला पिवळा दांडा मादीच्या आत अलगद फिरव. झालं लग्न. ना हॉल, ना केटरर.

मधमाश्यांवरून आठवलं. इथे एक मधमाशी आहे, ती आपल्या पोरांसाठी परागकण गोळा करते ते फक्त भोपळ्याच्या कुळातल्या फुलांतून. दुसरीकडे ढुंकून बघत नाही. उजाडायच्या सुमाराला, आपल्या नेहमीच्या मधमाश्या उठायच्या आत, हिचं निम्मं काम उरकलेलं असतं. ही बाई जमिनीत बीळ करून बिऱ्हाड थाटते, म्हणून झाडाच्या आजूबाजूची माती फार खोल उकरू नकोस हं. आणि नवरोबा? ते सकाळी चार घटका फुलाफुलांवरून बायका शोधत हिंडतात आणि दुपारी मिटलेल्या फुलात शिरून झोपतात. खोटं नाही सांगत! दुपारी मिटलेलं फूल चिमटीत धरलंस आणि आतून गुंऽऽ असा आवाज आला, तर समजायचं, नवरोबा आत आहेत. भिऊ नकोस, नराला नांगी नसते. पण फूल तळणीत टाकायच्या आधी उघडून बघ म्हणजे झालं.

भज्यांचं सांगते. आपली नेहमीची बेसनाची भजी या फुलाला जड होतात, फूल आत हरवून जातं. निम्मं तांदळाचं पीठ घे, निम्मं बेसन, ओवा, तिखट, मीठ, पीठ पातळसर ठेव. फुलाच्या आतला दांडा काढ, देठ ठेव, म्हणजे धरायला बरं. देठाला धरून बुडव आणि सोड. समोरची बंगाली मुलगी पिठात खसखस घालते, तेही झकास लागतं. कोपऱ्यावरची इटालियन आजी आत चीज आणि खारवलेल्या मासळीचा तुकडा भरते, रोममध्ये तसंच करतात म्हणे. तिने पहिल्यांदा मला ताटली आणून दिली तेव्हा आमचे हे सदाशिवपेठी गृहस्थ दोन फस्त करून विचारतात, आत काय होतं गं? मी म्हटलं, चीज. अर्धं खरं सांगितलं की पाप अर्धंच लागतं.

ती आजी म्हणजे आपलंच माणूस बघ. तिचं माहेर सिसिलीचं. तिच्याकडे दरवर्षी एक हातभर लांब फिकट हिरवा भोपळा मांडवावरून लोंबत असतो. मी कुंपणाशी जाऊन बघितलं, तर आपला दुधी! जात तीच, फक्त लांबलचक. आणि त्या वेलीचे शेंडे ती खुडून, शिजवून, मोडलेल्या पास्त्याबरोबर रश्शात घालते. मी वेंगुर्ल्याची, भोपळ्याच्या कोंबांची भाजी खाऊन वाढलेली. मला वाटत होतं, अमेरिकेत पानं खाणारी मी एकटीच. तिला इंग्रजी बेताचं, माझं तिच्याहून जरा बरं. पण आम्ही दोघी देठाच्या शिरा काढत बसलो की दुपार कशी जाते कळत नाही. तिचा मुलगा घर विकायच्या गोष्टी करतोय, ऐकलंस की नाही? दोनदा माणूस येऊन मोजमाप करून गेला. आजीला पत्ता नाही. नाहीतर असेलही, ती काही कमी नाही.

हां, पानं. मोठी, खरखरीत, काटेरी पानं घ्यायचीच नाहीत. ती झाडाच्या पोटापाण्यासाठी राहू देत. शेंड्याकडची तळहाताएवढी कोवळी पानं घे. एका वेळी एका झाडाची दोन-तीनच, अख्खं झाड बोडकं करू नकोस. देठ टोकाशी मोडून खाली ओढलास की बारीक दोऱ्यासारखी शीर निघून येते, तिच्याबरोबर काटेही जातात. दोन-तीन बाजूंनी ओढ. पानांची लव हाताला टोचली तर कोमट पाण्यात चोळून घे, नाहीतर मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून काढ. मग बारीक चिर. तेलात ठेचलेला लसूण, सुकी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वर पाला. पाणी घालायचं नाही, तिचं तिला सुटतं. शेवटी ओलं खोबरं. तुम्ही खाता ना गं मासे? मग डाळीऐवजी सुका जवळा भाजून घाल. चव आली तर माझं नाव घे, नाही आली तर जवळा जुना असेल.

पानांचे जाड देठसुद्धा टाकू नकोस. पोकळ नळ्या असतात त्या. शिरा काढायच्या, पेरभर तुकडे करायचे आणि तुरीच्या आमटीत कोकमाबरोबर सोडायचे. आमटी नळीत शिरते, घास घेतला की आतून येते. शेवग्याच्या शेंगेसारखं चोखायचं नाही, चावायचं. आमच्या मुलाला हे इतकं आवडतं की फळ धरायच्या आधीच झाडाचे देठ मोजायला लागतो.

तुला त्या पलीकडच्या सेन्सरवाल्याचं कळलं का? अगं तोच, ड्राइववेमध्ये वाफे केलेला. मातीत सेन्सर, नळाला टायमर, फोनवर आलेख. मातीत ओल किती, ऊन किती, सगळं बसल्या जागी दिसतं. गेल्या वर्षी त्याची झुकिनी सकाळी ठणठणीत होती आणि दुपारी सगळी पानं माना टाकून पडली. सेन्सर सांगतोय, पाणी भरपूर. म्हणून त्याने पाणी बंद केलं. मग संध्याकाळी घाबरून दुप्पट दिलं. मी जाऊन बुडखा बघितला, तर लाकडाच्या भुशासारखी ओली घाण बाहेर आलेली. खोडकिडा होता आत! पुरतं उभं खोड पोखरून बसलेला. त्याला फोनमध्ये ते दिसणार कसं?

ही अळी ज्या पतंगाची ना, त्याला ओळखून ठेव. दिवसाउजेडी उडतो, केशरी पोट, गांधीलमाशीसारखा दिसतो. जून संपतासंपता येतो आणि खोडाच्या बुडाशी एकेक तपकिरी अंडं घालून जातो. म्हणून आता रोज सकाळी वाकून बुडखा बघायचा. अंडं दिसलं तर नखाने काढून टाक. काहीजण बुडख्याला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळतात, मीही गुंडाळते. आणि भुसा दिसलाच तर धारदार पातं घ्यायचं, खोडाला उभी चीर द्यायची, आडवी नाही, अळी टाचणीने ओढून काढायची आणि चिरलेल्या भागावर ओली माती चढवायची. तिथून नवी मुळं फुटतात, कधीकधी झाड उठून उभं राहतं. ह्यांना हे बघवत नाही. म्हणतात, तू सर्जन व्हायचीस, चुकून माझ्याशी लग्न केलंस.

पानांच्या मागे तांब्याच्या रंगाची अंडी ओळीने दिसली तर ती भोपळ्यावरच्या ढेकणांची. त्यांना चिकटपट्टी लावायची नि ओढायची, की सगळी निघतात. ऑफिसातून आणतेस ना पट्टी? आण की थोडी.

आता फळाचं. सहा ते आठ इंच झालं की तोड. एक दिवस पाहुणे आले, दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, असं करून दोन दिवस तिकडे गेली नाहीस, तर पानाखाली हे एवढं धूड निपजतं. २०१४ साली कॅनडात ओंटारियोला एका माणसाने २.५२ मीटर लांबीची झुकिनी काढली, गिनेसमध्ये नोंद आहे तिची. त्याचं कौतुक होईल, पण तसली बायकोने चिरायची कशी? आणि एक मोठी राहिली की झाड म्हणतं, माझं वंशाचं काम झालं. मग नवी फळं धरत नाही. म्हणून तोडत राहायचं.

तोडत राहिलं की मग वाटत राहायचं. इथे ८ ऑगस्टला एक गमतीचा दिवसच पाळतात, शेजाऱ्याच्या ओट्यावर गुपचूप झुकिनी ठेवून पळायचं. खरंच! आपल्या गल्लीत तर त्याला तारीखही लागत नाही. गेल्या वर्षी सकाळी दार उघडते तर पायरीवर पिशवीभर झुकिनी. पिशवी उचलली, तर त्यावर ‘चि. सौ. कां.’ आणि खाली माझ्या भाचीचं नाव! सांगलीच्या लग्नात मिळालेली माझीच पिशवी. चार दिवसांपूर्वी मी ती मंडळाच्या खजिनदारीणबाईंना भरून दिली होती. म्हणजे माझीच झुकिनी कोणाकोणाची पायरी चढून माझ्याकडे परत! मी काही बोलले नाही. पण त्या भेटल्या की मी मुद्दाम विचारते, थालीपीठं कशी झाली होती हो?

खरंच थालीपीठं चांगली होतात. ९५ टक्के पाणी असतं या बाईत, हे एकदा ध्यानात घेतलं की स्वयंपाक सोपा. किसून मीठ लावायचं, दहा मिनिटांनी पिळायचं, आणि ते पाणी फेकायचं नाही. त्याच पाण्यात भाजणी भिजवायची. पीठ पेरून भाजी उत्तम, फक्त कढई मोठी हवी आणि आच मोठी, झाकण मुळीच नको. कोवळी असेल तर कच्चीच किसून दही, दाण्याचं कूट आणि वरून जिऱ्या-मिरचीची फोडणी. लोक म्हणतात झुकिनीला चव नाही. रश्श्यात घालून शिट्ट्या दिल्यावर कोणाला चव राहील? हलवा मात्र करू नकोस. मंडळात एकीने केला होता, तूप-साखर-खवा सगळं ओतून. त्यात झुकिनी कशाला हवी होती, हे मला अजून कळलेलं नाही. हलवा दुधीचाच.

ते जे धूड म्हणाले, ते सापडलंच तर वाया घालवू नकोस. साल जाड होते, ती सोलून चटणी कर. दोडक्याच्या शिरांची करतेस ना, अगदी तशी: साल तेलावर कुरकुरीत परतायची, तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ. बिया धुऊन, वाळवून, मिठाच्या पाण्यात घोळवून भाजायच्या. अगदी म्हाताऱ्या झाल्या असतील तर टरफल काढ, नाहीतर तशाच चावता येतात. मधला गर किसून, पिळून, गूळ आणि कणीक घालून घारगे कर. लाल भोपळ्याचा रंग येत नाही, पण तळल्यावर पोरं विचारत नाहीत. मी तर डेकवर सांडगेही घातले होते. खारींनी निम्मे नेले. उरलेले ह्यांनी तळून खाल्ले आणि म्हणाले, कोहळ्याचे नाहीत हे कळतंय. कळणारच, कोहळा आणायला मी काय जुन्नरला जाऊ?

एक मात्र जिवापाड जप. चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावायचा, दुधीचा लावतेस तसा. कडू लागला की ती अख्खी फेकायची, मीठ लावून चोळायचं नाही, शिजवून बघायचं नाही. काकडीचं टोक घासून कडूपणा घालवायची आपली सवय इथे कामाची नाही. शिजवून ते विष जात नाही. २०१५ साली जर्मनीत ७९ वर्षांचे एक गृहस्थ शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन दगावले. होतं असं की शोभेचे भोपळे लावलेले असतात, त्यांचा नि झुकिनीचा संकर होतो. त्या वर्षीची झुकिनी गोडच लागते, पण तिचं बी राखून पुढच्या वर्षी लावलं की कडू. त्या निळ्या घरासमोर हॅलोविनला छोटे चट्टेपट्टेवाले भोपळे मांडतात ना? त्यांचा वेल आपल्या कुंपणापर्यंत येतो. म्हणून झुकिनीचं बी मी दरवर्षी पाकिटातलं विकत घेते. दोन-तीन डॉलर वाचवून काय करायचंय?

आणि हो, गणपतीचं सांगायचं राहिलंच. ऋषिपंचमीची भाजी यंदा आपल्या गल्लीत माझ्याकडे आहे. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसातलं हाताने लावलेलं खायचं, असं ना ते व्रत? मग एडिसनमध्ये परसात काय आहे आपल्या? मी गेल्या खेपेला अळू, मका, लाल भोपळा, भेंडी, शिराळी आणि वर झुकिनीची पानं, देठ, चार कोवळी फळं घातली. खजिनदारीणबाई म्हणाल्या, ऋषीच्या भाजीत ही परदेशी भाजी चालत नाही. मी म्हटलं, बरं, मग काढूया. मका काढा आधी, तो मेक्सिकोचा. लाल भोपळा काढा, तोही अमेरिकेचा. मिरची काढा. कोलंबसाच्या आधी आपल्या कुठल्याच ऋषीने यातलं काही चाखलेलं नव्हतं. झुकिनी ज्या भोपळ्याची लेक, त्याच्या दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया मेक्सिकोतल्या गुहेत सापडल्यात. फक्त लेक मिलानच्या बाजूला वाढली, गेल्याच्या मागच्या शतकात, आणि इटालियन लोकांबरोबर इकडे माहेरी आली. माहेरवाशिणीला गौरीच्या दिवसांत कोण गं हाकलतं? त्या गप्प बसल्या. भाजी दोनदा वाढून घेतली, ते मी पाहिलं.

तर यंदाचं असं: माझी झाडं जुनी, त्या किड्याने ती तोवर ठेवली तर ठेवली. तू जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुसरं बी टाक. तोवर पतंगांचा जोर सरत येतो, आणि गणपतीला तुझ्याकडे कोवळे शेंडे तयार असतील. अळू माझं, सुरण फ्रोजन मिळेल, शिराळी आपण ओक ट्री रोडवरून आणू. काय म्हणालीस? सासूबाई येणारेत? कधी? ऑगस्टमध्ये, सहा महिन्यांसाठी? अगं, आणि तू मला आत्ता सांगतेस! झुकिनी गेली खड्ड्यात, ते फाटक उघड, मी चहा टाकून आणते. तिकीट कोणी काढलं, तुझ्या नवऱ्याने की नणंदेने?